एका एकरातून तीनशे शर्ट: आपल्याच तालुक्यात माती ते कापड साखळी कशी उभी करायची

कापूस जमीन खातो असं सगळेच म्हणतात, पण नेमकं काय खातो हे एकदा नीट बघा. रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, हवेतला कार्बन आणि पाणी यातून झाडाने बनवलेला धागा, त्यात नत्र, स्फुरद, पालाश जवळपास नसतंच. जमिनीतून उचललेलं जे काही असतं ते सरकीत, पानात आणि पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडात असतं. आणि आपण काय करतो, तर कापूस सरकीसकट व्यापाऱ्याच्या गाडीत घालतो आणि पऱ्हाटी धुऱ्यावर (बांधावर) नेऊन पेटवतो. म्हणजे जमिनीचं जे जमिनीला परत मिळायला हवं होतं तेच आपण घालवतो, आणि मग पुढच्या जूनमध्ये तेच खताच्या गोणीतून विकत आणतो.

म्हणून या सगळ्या कामाचा माझा एकच नियम आहे, की वावरातून बाहेर फक्त रुई गेली पाहिजे आणि ती पण कापड होऊन, बाकी सगळं परत वावरात. हे करायचं तर जिनिंग (रुई आणि सरकी वेगळी करणं), कताई, विणकाम सगळं जवळपास व्हायला लागतं, आणि म्हणूनच मातीचा प्रश्न आणि कापडाचा प्रश्न वेगवेगळे सोडवता येत नाहीत. खाली जे लिहिलंय ते विदर्भातल्या कोरडवाहू काळ्या जमिनीसाठी आहे, वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला या पट्ट्यासाठी. मराठवाड्यात थोड्या फरकाने चालेल.

पहिलं काम वावरात नाही, कागदावर आहे. उलटं गणित मांडा, कापडापासून मातीकडे. कोरडवाहूत, रासायनिक खत न टाकता, देशी कापूस एकरी ३ ते ५ क्विंटल धरा. आपण ४ धरू. ४०० किलो कापसाचा रुईचा उतारा ३५ टक्के धरला तर १४० किलो रुई, बाकी बहुतेक सगळी सरकी. पिंजण आणि कताईत तूट जाऊन साधारण १२० किलो सूत, मागावर अजून थोडी तूट जाऊन ११५ किलो कापड. शर्टाचं मध्यम जाडीचं कापड, मीटरभर पन्ह्याचं, मीटरला १५० ग्रॅम भरतं. म्हणजे साडेसातशे मीटर. एका शर्टाला अडीच मीटर लावा, ३०० शर्ट झाले. एका एकरात! ३ च क्विंटल आला तर सगळं पाऊण करा, तरी सव्वादोनशे होतात.

आता तेच माणसांच्या बाजूने मोजा. २० नंबरचं सूत (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) काढायचं तर १ किलोत साधारण ३४ गुंड्या बसतात, गुंडी १००० मीटरची. १२० किलोच्या झाल्या ४००० गुंड्या. आठ चात्यांच्या अंबर चरख्यावर सराव असलेल्या बाईने दिवसाला २० च्या आसपास गुंड्या काढल्या तर २०० दिवस, म्हणजे सुट्ट्या सणवार धरून एका बाईचं जवळपास वर्षाचं काम. विणकराने हातमागावर दिवसाला ५-६ मीटर विणलं तर त्याचे सव्वाशे ते दीडशे दिवस. हे आकडे डोक्यात पक्के बसवा, कारण बहुतेक ठिकाणी गडबड इथेच होते, उत्साहात २० एकर पेरलं जातं आणि कातणाऱ्या बाया असतात दोन. मग डिसेंबरात कापूस घरात पडून राहतो आणि शेवटी तोच व्यापारी, तोच काटा. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात २ ते ३ एकरापेक्षा जास्तीची करूच नका, आणि त्यातही एका कास्तकाराचे ३ एकर नको तर पाच-सहा जणांचं अर्धा अर्धा एकर असू द्या. पीजीएस नावाची सरकारची सेंद्रिय शेतीची गट प्रमाणीकरण पद्धत आहे त्याला कमीत कमी ५ शेतकऱ्यांचा गट लागतोच, तो पण आपोआप होऊन जातो.

पेरणीच्या आधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्येच, चार जणांशी बोलणं झालेलं पाहिजे. कातणाऱ्या, विणकर, जिनवाला आणि घेणारे. विणकर शोधणं आता अवघड झालंय पण अशक्य नाही, नागपूर-उमरेडकडे कोष्टी समाजात अजून हातमाग जाणणारी जुनी माणसं आहेत, वर्ध्यात तर हे काम पिढ्यान् पिढ्या चालू आहे. विनोबांनी १९३४ मध्ये सुरू केलेलं गोपुरीचं ग्रामसेवा मंडळ आणि गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये उघडलेलं मगन संग्रहालय, या दोन जागा एकदा स्वतः जाऊन बघा, कापसापासून कापडापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या डोळ्याने बघितल्या की आपल्या गावात काय आहे आणि काय नाही ते लगेच कळतं. बाहेर बघायचं असेल तर हैदराबादच्या मलखाचं काम आणि कच्छमधलं खमीरचं काला कापसाचं काम, दोन्हीकडे कोरडवाहू कापूस आणि हातमाग यांची गाठ पुन्हा बांधलीय.

घेणारे म्हणजे दुकानदार नाहीत. पन्नास-साठ घरं, नात्यातली, मित्रांची, पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसं, ज्यांना पेरणीच्या आधी सांगायचं की पुढच्या वर्षी तुमचे अमुक मीटर कापड तयार होईल, निम्मे पैसे आत्ता द्या. निम्मे पैसे हातात आले की बियाणं, वेचाई, कताई याला कर्ज काढावं लागत नाही. हे जमलं नाही तर त्या वर्षी पेरू नका, खरंच सांगतोय. घेणारा नसताना पेरलेला कापूस शेवटी बाजारातच जातो.

आता बियाणं. इथे मी देशीवर अडून बसतो आणि त्याला कारणं आहेत. एक तर सरळ वाण आहे, सरकी ठेवली की पुढच्या वर्षीचं बियाणं घरचं, दरवर्षी पाकीट घ्यायला नको. दुसरं, याचं सोटमूळ खोल जातं, ऑगस्टात तीन आठवडे उघाड पडली तरी झाड तग धरून राहतं, रसशोषक किडी कमी लागतात. तिसरं कारण लोकांना सहसा माहीत नसतं. देशी कापसाच्या गुणसूत्रांची संख्या २६ आणि अमेरिकन कापसाची, म्हणजे ज्यात बीटी आहे त्याची, ५२. त्यामुळे शेजारच्या वावरात बीटी असली तरी दोघांचा संकर सहजासहजी होत नाही, आपलं बियाणं शुद्ध राहतं. दोन देशी वाण मात्र मधमाश्यांमुळे एकमेकांत मिसळतात, बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या देशी वाणापासून किमान ५० मीटर लांब ठेवा.

वाण कुठला? अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेए-७, एकेए-८ आणि परभणीच्या महबूब बाग केंद्राचे पीए मालिकेतले वाण, यातले परभणीचे धाग्याला लांब आहेत, कताईला बरे पडतात. मार्च-एप्रिलमध्येच विद्यापीठात किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत चौकशी करून बुकिंग करा, हे बियाणं कृषी केंद्रात मिळत नाही आणि मे महिन्यात धावपळ करून पण मिळत नाही. देशीची उणी बाजू पण सांगून ठेवतो, बोंड लहान असतं त्यामुळे वेचायला वेळ जास्त लागतो, आणि फुटलेला कापूस झाडावर फार दिवस टिकत नाही, खाली गळतो. बोंडअळी देशीला पण लागते, लागतच नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मातीचं काम. आधी माती परीक्षण करून सेंद्रिय कर्बाचा आकडा लिहून ठेवा. ०.५ टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, ०.७५ च्या वर म्हणजे चांगला. आपल्याकडच्या बऱ्याच वावरांत तो ०.५ च्या खालीच निघतो, निघाला तर घाबरू नका, तिथूनच सुरुवात करायची आहे.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही. सरकीला शेण आणि माती चोळून घ्या म्हणजे दाणे सुटे होतात. एकटा कापूस कधीच नको. आपले आजोबा लोक कापूस, तूर, ज्वारी, मूग, उडीद एकाच वावरात घ्यायचे, तेच पुन्हा करायचं आहे. कापसाच्या सहा-आठ ओळींनंतर तुरीच्या दोन, कापसाच्या मधल्या पट्ट्यात मूग किंवा उडीद. उडीद-मूग सप्टेंबरपर्यंत घरी येतो, घरखर्च भागतो आणि पाला तिथेच पडतो. तुरीची पानगळ म्हणजे फुकटचं खत. पेरणी आणि डवरणी उताराला आडवी, म्हणजे प्रत्येक सरी पाणी अडवते. काही ओळींत जागा उरलीच तर बोरू (ताग) टाका आणि फुलावर यायच्या आधी कापून ओळीतच अंथरा, बोरू आच्छादनाला पण होतो आणि थोडा ठेवला तर त्याच्या सालीचे दोर पण निघतात.

जीवामृत कसं करायचं ते आता घरोघरी माहीत आहे, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती आणि २०० लिटर पाणी, एकराला एवढं, त्यावर जास्त लिहीत नाही. किडीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क आणि कामगंध सापळे, सापळ्यात पतंग किती पडतात ते आठवड्याला मोजा, नुसते टांगून ठेवू नका. दुसऱ्या वर्षी त्या तुकड्यात ज्वारी आणि तूर घ्या, कापूस शेजारच्या तुकड्यात न्या. ज्वारीची मुळं कुजली की जमीन जी भुसभुशीत होते ती दुसऱ्या कशाने होत नाही.

पऱ्हाटीबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हेक्टरी २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. फरदड, म्हणजे तेच झाड ठेवून पुन्हा बोंडं घेणं, करायची नाही, शेवटची वेचणी झाली की संपवायचं, नाहीतर गुलाबी बोंडअळीला तुम्हीच पुढच्या हंगामापर्यंत सांभाळता. उपटायच्या आधी मेंढपाळांचा कळप दोन-तीन रात्री वावरात बसवा. मेंढ्या उरलेली हिरवी पानं, अर्धवट किडकी बोंडं खाऊन टाकतात आणि लेंडी-मूत वावरात पडतं, अळीचा पण बंदोबस्त आणि खताचं पण काम. त्यानंतर पऱ्हाटी उपटून श्रेडरने बारीक करा. श्रेडर एकट्याला परवडत नाही, गटाने भाड्याने आणा, एका दिवसात ३ एकराचं काम होतं. तो भुगा शेणकाल्यात भिजवून ढीग लावा किंवा सरळ सरीत पसरा. काही जाड पऱ्हाटी खड्ड्यात पेटवून पूर्ण राख व्हायच्या आत पाणी मारून कोळसा करा, तो शेणखतात मुरवून टाकला तर काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं राहतो. धुऱ्यावर उघडं पेटवणं तेवढं बंद करा, बाकी काय जमेल ते करा.

वेचणी. दिवाळीच्या आगेमागे पहिला कापूस फुटतो आणि आपल्याकडे सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) करून वेचणीला सुरुवात होते. त्या दिवशी ज्यांनी आगाऊ पैसे दिलेत त्यांना बोलवा, दहीभात खाऊ द्या, एक ओळ वेचू द्या. ज्याने स्वतः एक ओळ वेचलीय तो नंतर कापडाच्या किमतीवर घासाघीस करत नाही. वेचताना दव उडाल्यावरच, ओटी सुती कापडाची, भरायला सुती पोतं. प्लास्टिकच्या गोणीचा एक धागा कापसात गेला तर तो पिंजणीत शंभर तुकडे होऊन सुतात जातो, आणि रंग देताना कापडावर पांढरे ठिपके दिसतात, तेव्हा काही करता येत नाही. कवडी (किडका, नीट न फुटलेला) कापूस, पावसात भिजलेला कापूस वेगळा ठेवा, गाद्यांना वापरा. वेचाई किलोवर असते आणि देशीचं बोंड लहान, म्हणून गावातल्या दरापेक्षा जास्त द्या नाहीतर बाया शेजारच्या बीटीत जातील, आणि त्यांचं बरोबरच आहे.

जिनिंग. मोठ्या जिनिंगमध्ये दोन-चार क्विंटलला कोणी दारात उभं करत नाही, आणि केलं तरी आधीच्या लॉटचा कापूस रोलरमध्ये अडकलेला असतो तो तुमच्यात मिसळतो, सरकी पण मिसळते आणि बियाणं गेलं. छोटं रोलर जिन गटाने घेतलं किंवा खादी संस्थेकडचं वापरलं तर उत्तम. मोठ्याकडेच जायचं असेल तर साफसफाईच्या दिवशी सकाळचा पहिला नंबर मागा, समोर उभे राहा, पहिली १० किलो सरकी बियाण्यात धरू नका. आणि गाठ बांधून घेऊ नका. गाठ दाबायची ती लांबच्या प्रवासासाठी, आपल्याला १० किलोमीटरवर जायचंय, मोकळी रुई नेली तर धागा दबत नाही आणि पिंजणं सोपं जातं.

४०० किलो कापसातून अडीचशे किलोच्या आसपास सरकी हातात येते. त्यातली बियाण्याची निवडून बाजूला ठेवा, तीही मधल्या वेचणीच्या, जोमदार झाडांच्या बोंडांची, आणि बाकीची गावातल्याच गाई-म्हशींना. कोंबड्यांना आणि लहान वासरांना नको, सरकीत गॉसिपॉल असतं ते त्यांना बाधतं. घाण्यावर तेल काढून ढेप जनावरांना घातली तरी चालतं. शेण परत वावरात. इथे मी वर सांगितलेलं चक्र पूर्ण होतं, वावरातून उचललेलं नत्र गोठ्यातून फिरून वावरात.

कताईत एक गोष्ट लक्षात ठेवा, पेळू (पिंजलेल्या रुईची कातायची वळी) चांगला नसेल तर जगातला कुठलाही चरखा चांगलं सूत देत नाही. पिंजण सैल, एकसारखं, कचरा झटकून. पहिल्या वर्षी २० नंबरच्या पुढे जायचा हट्ट नको, १२ ते २० नंबरात पंचे, चादरी, कुर्त्याचं कापड सुंदर होतं. ताण्याला (कापडाच्या उभ्या धाग्यांना) हातसूत तुटतं ही विणकराची तक्रार हमखास येणार, त्यावर दोन उपाय, ताणा दुपदरी करायचा किंवा खळ (सुताला लावायची कांजी) नीट द्यायची. खळ घट्ट झाली तर सूत कडक होऊन फणीत तुटतं, पातळ झाली तर लव उठते, विणकराला पहिले ५ मीटर चाचणीचे म्हणून द्या आणि त्याचे पूर्ण पैसे द्या. मजुरी मीटरवर ठरवा आणि ताणा भरायचे दिवस वेगळे धरा, ते दिवस कोणी मोजत नाही आणि विणकर मग पुढच्या वर्षी येत नाही.

रंगाचं थोडक्यात. पहिल्या वर्षी बिनरंगी कापडच करा, देशी कापसाचा मूळचा दुधी रंग छान असतो. नंतर हिरडा आणि लोखंडाचं पाणी (लोखंडाचे तुकडे, गूळ, पाणी, १५-२० दिवस आंबवलेलं) यातून काळा-करडा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, बाभळीच्या सालीचा तपकिरी. पळसाच्या फुलांचा पिवळा दिसायला फार गोड पण उन्हात उडतो, घेणाऱ्याला आधीच सांगा. नीळ लावायला जागा असेल तर जरूर लावा, शेंगवर्गीय आहे, रंग काढून उरलेला पाला वावराला चालतो.

शिवायच्या आधी कापड रात्रभर भिजवून वाळवा, हातमागाचं कापड आटतंच. शिलाईचा दोरा सुतीच, बटण लाकडाचं किंवा करवंटीचं. शिंपी पॉलिस्टरचा दोरा सवयीने लावतो, रीळ तुम्ही नेऊन द्या.

लेबलवर खादी हा शब्द मनाने लिहू नका, २०१३ च्या नियमांप्रमाणे खादी मार्क असल्याशिवाय खादी म्हणून विकता येत नाही. मार्क असलेल्या संस्थेमार्फत कताई-विणाई केलीत तर प्रश्न सुटतो, नाहीतर हातकताई, हातमाग, देशी कापूस असं जे खरं आहे ते लिहा, आणि गावाचं नाव लिहा.

किंमत कशी काढायची? एका शर्टात जातो १.३३ किलो कापूस. कास्तकाराला बाजारभावापेक्षा किलोमागे ३० रुपये जास्त दिले, म्हणजे क्विंटलला ३००० जास्त, तरी शर्टाची किंमत वाढते फक्त ४० रुपयांनी. हे गणित प्रत्येक घेणाऱ्याला सांगा. शर्ट महाग होतो तो कताई-विणाईच्या मजुरीने, आणि तो पैसा आपल्याच तालुक्यातल्या घरांत जातो, तो कमी करायचा प्रयत्न करू नका. वाचवायचंच असेल तर मधला वाहतूक-दलाली-दुकानभाड्याचा खर्च वाचवा.

शेवटी माती सुधारतेय का हे बघायची एक सोपी रीत. आपल्याच मागावरचे, बिनरंगी, सारख्या मापाचे दोन तुकडे घ्या, एक आपल्या तुकड्यात आणि एक धुऱ्यापलीकडच्या जमिनीत, जुलैत वीतभर खोल पुरा, खूण म्हणून काठी रोवा. दोन महिन्यांनी दोन्ही काढून धुवा. जिथे माती जिवंत आहे तिथे सूक्ष्मजीवांनी सेल्युलोज खाल्लेलं असतं, कापडाची जाळी झालेली असते किंवा नुसत्या चिंध्या हाताला लागतात, आणि जिथे काही नाही तिथे कापड बरंचसं शाबूत निघतं. दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात करा, फोटो काढून तारीख लिहा. जोडीला वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पाण्यात सोडा, लगेच विरघळून गाळ झालं तर कर्ब कमी आहे, टिकून राहिलं तर सुधारतंय. दर तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत कर्ब तपासा. आणि क्षेत्र वाढवायचं ते तीन गोष्टी बघूनच, मागच्या वर्षीची सगळी रुई मार्चपर्यंत सूत झाली का, विणकर पुन्हा यायला तयार आहे का, आणि आगाऊ पैसे देणारी घरं वाढली का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर अजून एक एकर.